उत्तर: डिसेंबरात बाली, १२ जण, शेवटच्या दोन रात्री नुसा पेनिडा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. बारा जण, आईबाबा सत्तरीपुढचे, दोन लहान मुलं, ख्रिसमसची सुट्टी आणि शेवटच्या दोन रात्री बालीशेजारच्या नुसा पेनिडा बेटावर. दोन वर्षांपूर्वी आमचा अगदी हाच प्लॅन होता, फक्त आम्ही अकरा होतो. तुम्ही विचारलंय की पावसाने ट्रिपचा विचका होईल का. पावसाने नाही होत हो. बहुतेक दुपारनंतर येतो, धो धो कोसळतो, तासा-दोन तासात थांबतो, सकाळ बऱ्याचदा कोरडी मिळते. आमच्या सासूबाई चिपळूणच्या, त्या तर म्हणाल्या याला काय पाऊस म्हणतात. (बाली विषुववृत्ताच्या खाली, नोव्हेंबर ते मार्च तिथे पावसाळा, हे तुम्हाला ठाऊक दिसतंय. मला पैसे भरल्यावर कळलं.)

विचका होतो तो समुद्राने. बालीतल्या सनूर बंदरातून पेनिडाला फास्ट बोटीने पाऊण तास पण लागत नाही, त्यामुळे ते बेट आपल्याला अलिबागसारखं जवळचं वाटायला लागतं. पण त्या दिवसांत वारा फिरला आणि लाटा चढल्या की बंदर बंद करतात, मग कितीही पैसे द्या, बोट सुटत नाही, आणि सुटू पण नये. आमची परतीची फ्लाईट १ जानेवारीला रात्री, बोट सकाळी दहाची, म्हटलं दिवसभर हातात आहे, काय होतंय! साडेआठला सगळं लटांबर घेऊन धक्क्यावर गेलो तर पांढऱ्या बोर्डवर मार्करने एकच शब्द, 'तुतुप'. म्हणजे बंद. हा एक इंडोनेशियन शब्द आमच्या घरात आता सहा वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना पाठ आहे. सासूबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रेनकोट घालून बसल्या होत्या, डबा उघडून उरलेल्या शंकरपाळ्या बोटीवाल्या पोरांना वाटत होत्या, आणि मी फोनवर.

आता खरी चूक सांगते. तिकिटं आमच्या भागातल्या एका ऑफिसातून काढली होती, नाव घेत नाही. अकरा जण म्हणून त्यांनी ग्रुप बुकिंग केलं, माणशी हजार-दीड हजार वाचतील म्हणाले, आणि मी खूश. एअरलाईनला फोन केला तर ते म्हणाले तिकीट एजंटचं आहे, बदल एजंटच करणार. ऑफिसला फोन केला तर उचलेना. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तिथे नऊ वाजले होते म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा, ठीक आहे. पण दुपारी एक वाजता, म्हणजे आपल्या साडेदहाला, जो माणूस भेटला तो म्हणतो, "मॅडम, आज न्यू इयर आहे ना, स्टाफ नाहीये, उद्या बघू." उद्या?? अहो फ्लाईट आज आहे! मी म्हटलं निदान एअरलाईनला कळवून ठेवा की आम्ही येत नाही, म्हणजे तारीख बदलायला काहीतरी वाव राहील. हो हो म्हणाला. काही केलं नाही. अकराच्या अकरा जण नो-शो, म्हणजे न कळवता गैरहजर, तिकिटं गेली, आणि सुट्टी संपतानाच्या गर्दीत नवी अकरा तिकिटं, चार लाखांच्या वर. बंदर दुसऱ्या दिवशी अकराला उघडलं. ऑफिसने नंतर सॉरी पण म्हटलं नाही, उलट "हवामान आमच्या हातात नसतं" असं ऐकवलं. हवामानाबद्दल कोण भांडतंय, फोनबद्दल भांडतोय ना! प्लॅनिंग माझ्याकडे होतं म्हणून दीर-जाऊ अजून लग्नाकार्यात 'तुतुप' म्हणून चिडवतात, ते वेगळंच.

इन्शुरन्स होता. त्यांनी बोट रद्द झाल्याचं लेखी पत्र मागितलं. आमच्याकडे बोटवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज, त्यात एक ढगाची इमोजी. तर असं काही झालंच तर धक्क्यावरच शिक्का मारून दोन ओळी लिहून घ्या, पोरं देतात, फक्त मागावं लागतं.

मी काही ट्रॅव्हल एजंट नाही, नियम एअरलाईनप्रमाणे बदलतात, तुमचे तुम्ही वाचा. पण मला विचाराल तर पेनिडा ट्रिपच्या सुरुवातीला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे अडकलात तरी बालीतल्या उबुदच्या हॉटेलची एक रात्र जाईल, फ्लाईट नाही. शेवटच्या दोन रात्री विमानतळाच्या बाजूलाच. आणि बारा जणांचं एकच बुकिंग करू नका, तीन-तीन चार-चार जणांची वेगळी तिकिटं एअरलाईनच्या साईटवरूनच काढा, थोडे जास्त गेले तरी. लाटांचा इशारा त्यांचं हवामान खातं बीएमकेजी देतं, आदल्या दिवशी बघायची सवय लावा. खरं तर आईबाबांना पेनिडाला न्यायचंच कशाला असं मला वाटतं, चढउतार फार, रस्ते खराब, पण हे माझं मत, आमच्या नणंदेला तेच सगळ्यात आवडलं.

कुटाच्या बीचवर त्या महिन्यांत समुद्र भरपूर प्लॅस्टिक आणून टाकतो, फोटो बघून तिथे हॉटेल घेऊ नका. देवळांच्या पायऱ्यांवर शेवाळं असतं, आईंना चांगल्या ग्रिपचे सँडल द्या. कपडे वाळतच नाहीत, नायलॉनची दोरी न्या. ओडोमॉस न्याच. आणि आईबाबा शाकाहारी असतील तर चटणीसारखं जे सांबल देतात त्यात बऱ्याचदा 'तरासी' म्हणजे कोळंबीची पेस्ट असते, आधी विचारा, सासूबाईंनी दोन दिवस मिटक्या मारत खाल्लं आणि नंतर आम्ही कोणी त्यांना सांगितलं नाही.

तुमची परतीची फ्लाईट किती वाजता आहे ते लिहिलं नाहीत. आणि तिकिटं निघालीत का अजून? नसतील आणि एजंटकडून काढणार असाल तर आजच्या आज त्याला थांबवा, मग बाकीचं बोलू.