शेवटचं अक्षर वाचा, मग पैसे द्या

या वेळची जवळजवळ सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत: कमी खर्चात घरच्या घरी संगणक जोडायचाय, प्रोसेसर कुठला घेऊ? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : कागदपत्रांचं काम, व्हिडिओवरचे धडे, मधूनमधून फोटो नीट करणं आणि मुलाचे हलकेफुलके खेळ, एवढ्यासाठी संगणक जोडायचाय. ग्राफिक्स कार्ड घेणार नाही. यादी अशी केली आहे: आय५-१२४००एफ, एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी. साध्या १२४०० पेक्षा हा 'एफ'वाला स्वस्त पडतोय. यादी बरोबर आहे ना?

उत्तर : पैसे दिले नसतील तर आधी थांबा. या यादीतून संगणक तयार होईल, पंखे फिरतील, दिवे लागतील, पण पडद्यावर काहीही दिसणार नाही. इंटेलच्या नावाअखेरचा 'एफ' म्हणजे या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय चित्र येणार कुठून? स्वस्त पडतोय तो त्याचमुळे.

हे मी स्वतःच्या वेंधळेपणातून शिकले आहे. भावासाठी पहिल्यांदा मशीन जोडलं तेव्हा मॉनिटर 'नो सिग्नल'च म्हणत राहिला. रॅम काढून पुसून पुन्हा बसवली. केबल बदलली. शेजाऱ्यांचा मॉनिटर उचलून आणला. बोर्डच मेलेला आलाय असं ठरवून दुकानदाराला फोनवर चार शब्द ऐकवलेही. दोन संध्याकाळी अशा गेल्या. तिसऱ्या दिवशी रिकामी खोकी आवरताना प्रोसेसरच्या खोक्यावरचा 'एफ' दिसला. दुकानदाराला पुन्हा फोन करायची हिंमत झाली नाही, भावालाच करायला लावला.

एएमडीकडे हीच गोष्ट उलटी आहे, म्हणून घोळ होतो. त्यांच्या एएम४ सॉकेटवरच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझनमध्ये अक्षर नसेल तर ग्राफिक्सही नाही. ते हवं तर नावात 'जी' पाहायचा. म्हणजे ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. मग २०२२ मध्ये एएम५ सॉकेट आणि रायझन ७००० मालिका आली, तिच्यात बहुतेकांत पडदा चालवण्यापुरतं ग्राफिक्स दिलेलं आहे आणि ७५००एफ सारख्यांत नाही. थोडक्यात, नुसत्या आकड्यावरून काही ठरवू नका.

आता तुमच्यापुरतं बोलायचं तर दोन वाटा आहेत. कागदपत्रं आणि धडे हेच मुख्य असेल तर साधा आय३-१२१०० घ्या, 'एफ' नसलेला. चार कोअर, आठ थ्रेड, म्हणजे एकावेळी आठ कामं ओढणारा. तुमच्या कामाला तो पुरून उरेल. त्याच्यातलं ग्राफिक्स आय५-१२४०० मध्ये आहे तेच आहे, यूएचडी ७३०, त्यामुळे खेळांसाठी म्हणून आय५ वर पैसे चढवण्यात काही हशील नाही. खेळांचं पारडं जड असेल तर रायझन ५ ५६००जी आणि त्याला साजेसा बी५५० किंवा ए५२० बोर्ड घ्या. त्याचं अंगचं ग्राफिक्स इंटेलच्या या दोघांपेक्षा चांगलंच दणकट आहे.

'नंतर कार्ड घेऊच की' असं मनात असेल तर मात्र स्वतःशी खरं बोला. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. शिवाय कार्डाशी बोलायच्या वाटेच्या, म्हणजे पीसीआयईच्या, बाबतीत ५६००जी ३.० वरच थांबतो. कार्ड लावल्यावर या दोन्ही गोष्टी जाणवतात. वर्षभरात कार्ड येणार हे नक्की असेल तर जुनंपानं एखादं कार्ड मागून आणून तोवर काम भागवावं आणि ५६०० घ्यावा. माझा अनुभव विचाराल तर 'नंतर' म्हणणाऱ्या दहांपैकी आठजणांच्या मशीनमध्ये कार्ड आजही आलेलं नाही.

प्रश्न : ओळखीतले एकजण त्यांचा आय७-७७००के बोर्डासकट स्वस्तात देत आहेत. आय७ म्हणजे नव्या आय३ पेक्षा वरचढच ना? गिगाहर्ट्झही जास्त दिसतात.

उत्तर : नाही. ३, ५, ७ हे आकडे त्या त्या पिढीतली उतरंड सांगतात; एका पिढीचा आकडा दुसरीला लावायचा नसतो. ७७००के आला २०१७ मध्ये, १२१०० आला २०२२ मध्ये. दोघांचेही चार कोअर, आठ थ्रेड. जुन्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, नव्याचा ४.३. तरीही काम नवा आय३ आधी उरकतो, कारण घड्याळाच्या एका ठोक्यात तो जास्त सूचना निकालात काढतो. नुसत्या गिगाहर्ट्झवर जायचं तर २००४ च्या पेंटियम ४ नेही ३.८ गाठले होते!

विजेचंही बघा. जुन्याचा कागदावरचा आकडा ९१ वॉट, नव्याचा ६०. आणि 'के'वाल्यांच्या खोक्यात प्रोसेसर थंड ठेवणारा कुलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. जुना कुलर सोबत मिळणार आहे का, तेही विचारून घ्या.

एवढं असूनही मी व्यवहार केला असता, पण एक अडचण आहे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. ७७००के सातव्या पिढीतला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स वापरणार असाल तर खुशाल घ्या, झकास चालेल. नाहीतर हे स्वस्त पुढे महागात पडेल.

प्रश्न : माझ्याकडे बी४५० बोर्ड आणि रायझन ५ २६०० आहे. ताई, त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसेल का? मित्र म्हणतो, नवा बोर्ड लागेल. मी कॉलेजात आहे, पैसे थोडे आहेत.

उत्तर : बसेल. मित्राला सांग की एएम४ हे सॉकेट त्यासाठीच लोकांचं लाडकं आहे. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत तेच चाललं. फक्त क्रम चुकवू नकोस. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट कर, मशीन एकदा नीट चालू होऊ दे, मग नवा बसव. आधी प्रोसेसर बदललास तर जुना बायोस नव्याला ओळखणार नाही आणि पडदा काळा राहील. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर तुझ्या बोर्डाच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते, ५६०० समोर कोणती बायोस आवृत्ती लिहिली आहे ते बघ. त्या आवृत्तीखालच्या सूचनाही वाच, कारण काही बोर्डांवरची बायोसची चिप लहान असल्याने नव्या आवृत्तीत काही जुने प्रोसेसर वगळलेले असतात. वीज जाण्याची धास्ती असेल तर त्या वेळी अपडेट करू नकोस.

आता खरा धोका सांगते. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात आणि बाजूचा खटका त्याला नुसता धरून असतो, वरून दाबून ठेवत नाही. जुनी पेस्ट (उष्णता कुलरकडे नेणारा लेप) वाळून कुलर आणि प्रोसेसर एकमेकांना चिकटलेले असतात. मी एकदा थंड मशीनचा कुलर सरळ वर ओढला. 'टक' असा आवाज झाला आणि कुलरला लटकलेला प्रोसेसर खटका लागलेला असतानाच सॉकेटमधून उपटून हातात आला. कोपऱ्यातल्या चार पिना आडव्या. पेस्ट पुसली, टेबललॅम्प खाली ओढला आणि ०.५ च्या लीड पेन्सिलीतलं लीड काढून तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर टोपीसारखं चढवून केसाकेसाने सरळ केलं. अर्धा तास श्वास धरून. तिन्ही बाजूंनी डोळ्यांच्या रेषेत धरून ओळ सरळ दिसली तेव्हा बसवला. वरून दाब न देता आपल्या वजनानेच खाली गेला. तो आजही चालतोय, पण ते नशीब.

तू असं कर: मशीन पंधरा मिनिटं चालू ठेव, काहीतरी जड काम दे, म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करून प्लग काढ, कुलरचे स्क्रू सोड, आणि कुलर वर न ओढता बरणीचं झाकण फिरवल्यासारखा डावीउजवीकडे हळूहळू फिरव. सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचल.

आणखी एक. बी४५० वर पीसीआयई ३.० आहे. बहुतेक कार्डांना त्याने फारसा फरक पडत नाही, पण आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड पीसीआयईच्या चारच लेनवर, म्हणजे अरुंद वाटेवर, चालतं, त्याला ४.० नसेल तर ते चांगलंच मंदावतं. कार्ड घेताना तेवढं लक्षात ठेव.

प्रश्न : १६ जीबीची एक रॅम घ्यावी की ८-८ च्या दोन? एकीचा फायदा म्हणजे पुढे वाढवायला जागा राहते.

उत्तर : दोन. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती देते-घेते, दोन पट्ट्या दोन चॅनलवर मिळून ५१.२. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममध्ये राहतं. ५६००जी घेऊन एकच पट्टी लावणं म्हणजे धावणाऱ्याचा एक पाय बांधणं.

चार खाचांच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. पुस्तिकेत बघून घ्या. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सोय, चालू करा. ते केलं नाही तर खोक्यावर ३२०० लिहिलेली रॅम बरेचदा २१३३ किंवा २६६६ वरच रांगत राहते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ताच नसतो. हो, डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळी असते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा बोर्डाचं नाव पूर्ण वाचा. एएम५ वर फक्त डीडीआर५.

प्रश्न : कॅबिनेटसोबत ५०० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) फुकट मिळतोय. आय५-१२४००एफ आणि आरएक्स ६६०० ला पुरेल ना?

उत्तर : त्याच्या अंगावरची चिठ्ठी वाचा. मोठ्या अक्षरातला ५०० सोडून द्या, खालच्या तक्त्यात '+१२व्ही' च्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते शोधा. अशा एका फुकटच्या डब्यावर मी १८ अँपिअर वाचले आहेत. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांवर दाखवलेले असतात, आणि आजच्या मशीनचं खरं ओझं पडतं ते १२ व्होल्टवर. तुमचा प्रोसेसर जोर लावतो तेव्हा ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो, कार्ड १३२ वॉटचं. झाले २४९. पंखे आणि डिस्क अजून धरलेच नाहीत.

या एका वस्तूत काटकसर करू नका. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, दिव्यांचे पंखे सोडा, बोर्डही साधा चालेल. एसएमपीएस चांगल्या नावाचा, पाच वर्षं हमीचा, ५०० ते ५५० वॉटचा घ्या. '८० प्लस ब्राँझ'चा शिक्का चांगला, पण तो फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे निम्म्या ओझ्यावर ८५ टक्के वीज कामी येते, उरलेल्याची उष्णता होते. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्टसर्किट झाल्यावर तो स्वतःला बंद करतो की बोर्डालाही घेऊन जातो, हे शिक्क्यावरून कळत नाही. वापरलेला प्रोसेसर मी डोळे मिटून घेते, वापरलेला एसएमपीएस कधीच नाही. आणि सुट्या केबलवाला असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याला लावू नका. टोक बसतं, आतल्या तारांची मांडणी वेगळी असू शकते, डिस्क जळते.

प्रश्न : सगळं जोडलं. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. काय बघू?

उत्तर : ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डात आहे ना, बोर्डात नाही ना? रॅमच्या दोन्ही टोकांना 'कट्ट' आवाज येईपर्यंत दाबलीत का? बहुतेक वेळा एक टोक वर राहिलेलं असतं. प्रोसेसरजवळची आठ पिनांची १२ व्होल्टची केबल लावली आहे का? ती कोपऱ्यात, कुलरच्या आड असते, हमखास राहते. कुलरच्या तळाचं प्लॅस्टिक सोललंत का? त्याने डिस्प्ले अडत नाही, पण मशीन तापून बंद पडेल.

एएम५ आणि डीडीआर५ असेल तर काही सोडण्याआधी थांबा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची चाचपणी करतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर पडदा काळाच असतो. मी तिसऱ्या मिनिटाला धीर सोडून बटण दाबलं होतं, चाचपणी पहिल्यापासून सुरू झाली.