शैवालाच्या पेशी रात्रीच का विभागतात?

प्रश्न : भांड्यातल्या हिरव्या शैवालाचा थेंब मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. पेशी फक्त मोठ्या होतात. सकाळी मात्र संख्या वाढलेली असते. वाढ उजेडात, मग विभाजन अंधारात कसं?

उत्तर : किती नेमकं पाहिलंत तुम्ही! मी क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शैवाल वाढवते, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार देऊन. उजेडात प्रकाशसंश्लेषण करून ही पेशी नुसती वाढत राहते, कधी मूळच्या दहापट आकारमानापर्यंत. पुरेसा आकार गाठला की ती एक टप्पा ओलांडते. त्यानंतर दिवा मालवला तरी विभाजन होतंच; त्याआधी मालवला तर ती थांबून राहते. म्हणजे हुकूम अंधाराचा नाही, उजेडात कमावलेल्या वाढीचा आहे.

मग रात्री लागोपाठ विभाजनं होतात : २, ४, ८, कधी १६ कन्यापेशी, सगळ्या मातृपेशीच्या भित्तिकेतच! हे पाहायला मी आजही जागते. त्याआधी पेशी पोहण्याच्या दोन्ही कशाभिका (चाबकासारखे बारीक धागे) आत ओढून घेते, त्यामुळे विभागताना तिला उजेडाकडे जाता येत नाही. मला हेच कारण सर्वांत पटतं : पोहणं थांबवायचंच, तर उजेड नसताना. शिवाय डीएनएची प्रत निघताना अतिनील किरणांपासून बचावही होतो.

सतत उजेड दिला तर विभाजन थांबत नाही, पेशींची एकत्र लय तेवढी विस्कटते. तुमच्या शैवालाची दोन भांडी करा, एक अखंड उजेडात ठेवा आणि दोन्हींतल्या पेशी रात्री दर दोन तासांनी मोजा.