चित्रशंका : पात्र कागदावर उभे कसे राहते?

कथाचित्रे काढू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना जागा अधिक दिली आहे, कारण बाकीच्या बऱ्याच शंका त्यांच्याच पोटात येतात.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षांत मला ‘अ’ श्रेणी मिळाली होती आणि छायाचित्र समोर असेल तर चेहरा बऱ्यापैकी जमतो. आजी आणि तिची सात वर्षांची नात यांच्यावर मुलांसाठी एक चित्रपुस्तक करावे असे मनात आहे. परंतु माझी आजी पहिल्या पानावर एक असते आणि चौथ्या पानावर निराळीच होते. शिवाय इतके जपून काढूनही दोघी कोणत्याही पुस्तकातल्या आजी-नातीसारख्याच दिसतात. सोबत चार चित्रे पाठवली आहेत. चूक कोठे होते आहे? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपण पाठवलेल्या चारही चित्रांत काम चेहऱ्यापासून सुरू झाले आहे आणि शरीर त्या चेहऱ्याखाली नंतर जोडले आहे, हे रेषांवरूनच कळते. छायाचित्रावरून शिकलेल्या हाताची ही नेहमीची सवय आहे. एक प्रयोग करून पाहा. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून दोन्ही आकृत्यांची फक्त बाह्यरेषा घ्या, आतला भाग काळ्या शाईने भरून टाका आणि तो कागद घरातल्या कोणाला तरी चार हातांवरून दाखवा. मी आपल्या पहिल्या चित्रावर हे केले, तेव्हा एक मोठी आणि एक लहान अशा दोन मेणबत्त्या शेजारी ठेवल्यासारखे दिसले. सुरकुत्या, चष्म्याची दोरी, कुंकू हे आपण मन लावून काढलेले सारे तपशील त्या काळ्या आकारात बुडून गेले आणि खाली ओळख म्हणावी असे काही उरले नाही. वाचकाची नजर पानावर पडते तेव्हा पहिल्या क्षणी ती हा काळा आकारच पाहत असते. चेहऱ्यापर्यंत ती नंतर पोहोचते.

म्हणून पात्र ठरवताना आकार आधी ठरवावा. आपली आजी कशी आहे? ती रुंद बुडाची, जमिनीवर घट्ट बसलेली, डेऱ्यासारखी असेल, तर नात कामठीसारखी लांब, कोनाकोनांची आणि सदा एका पायावर असू द्या. उलटही चालेल : वाळलेल्या शेंगेसारखी वाकलेली आजी आणि मोदकासारखी गोल नात. गोल आकार मऊ आणि सुरक्षित वाटतो, चौकोन स्थिर किंवा हटवादी वाटतो, त्रिकोणाचे टोक चपळ किंवा बोचरे वाटते, हे सर्वसाधारण निरीक्षण उपयोगी आहे. मात्र त्याला सूत्र मानून प्रत्येक प्रेमळ माणूस गोल आणि प्रत्येक दुष्ट माणूस टोकदार करण्याचा मोह टाळावा, कारण तो प्रकार मुलांनाही लवकर कळतो. खरी गंमत दोन आकारांच्या फरकात असते. एकटी आजी कितीही चांगली काढली तरी ती अर्धीच असते. नात शेजारी उभी राहिली म्हणजे ती पूर्ण होते.

पोशाखाचा विचारही याच दृष्टीने करावा. आपण आजीला कोठे सहावारी, तर कोठे नऊवारी नेसवली आहे आणि दोन्हींची रेषा एकाच पद्धतीने खाली सोडली आहे. सहावारीत कमरेखाली एकच सलग घेर दिसतो. नऊवारीच्या काष्ट्यामुळे दोन पाय स्वतंत्र दिसतात, ओणवे होता येते, उकिडवे बसता येते, झाडावरही चढता येते. म्हणजे लुगडे निवडताना आपण आजीला काय काय करता येईल हेच निवडत असतो. एकदा काष्टा ठरला की तो शेवटच्या पानापर्यंत काष्टाच राहिला पाहिजे.

आता चौथ्या पानावर आजी बदलते, त्याविषयी. चेहरा लक्षात ठेवून पात्र टिकत नाही, माप लक्षात ठेवून टिकते. डोक्याची उंची हे एकक धरण्याची पद्धत आपल्याला ठाऊक असेलच : नवजात बालक सुमारे चार डोक्यांचे भरते आणि पूर्ण वाढलेला माणूस सात ते साडेसात डोक्यांचा. कथाचित्रात ही मापे आपण हवी तशी मोडू शकतो. आजी पाच डोक्यांची आणि नात साडेतीन डोक्यांची केली तरी कोणी विचारणार नाही, पण ती प्रत्येक पानावर तेवढीच असली पाहिजे. एका मोठ्या कागदावर दोघींना शेजारी उभे करा, आडव्या रेषा आखा आणि नातीचे डोके आजीच्या कोपराशी येते की खांद्याशी, हे कायमचे ठरवून टाका. त्याच कागदावर प्रत्येकीला समोरून, पाऊण बाजूने, एका बाजूने आणि पाठीमागून काढा. पाठमोरी आकृती बहुतेक जण टाळतात, पण अंबाडा मानेवर किती खाली आहे आणि वेण्यांच्या रिबिनी कोठे बांधल्या आहेत हे तिथेच पक्के होते. पाऊण बाजूचा चेहरा जमत नसेल, तर गणपतीच्या दिवसांत मिळणारी शाडूची माती आणून लिंबाएवढे डोके घडवा आणि ते हातात फिरवून पाहा. नाक कोठे लपते आणि कान कोठून दिसू लागतो, हे पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा त्या गोळ्यावरून लवकर समजते.

भाव काढण्याआधी पाठ काढा. मानेपासून टाचेपर्यंत एकच ओढलेली रेषा आजीचा थकवा, राग किंवा उत्सुकता सांगू शकली, तर डोळे आणि भुवया यांना थोडेच काम उरते. आपल्या चारही चित्रांत ही रेषा सरळ उभी आहे. आजी रागावते तेव्हाही आणि नातीला जवळ घेते तेव्हाही.

एका प्रसिद्ध पात्राचे उदाहरण देतो. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ 1951पासून वृत्तपत्रात दिसू लागला. आरंभी निरनिराळ्या प्रांतांतील माणसे दाखवण्यासाठी ते अनेक जण काढत असत. रोजची मुदत सांभाळताना एकेक जण गळत गेला आणि शेवटी हा एकटा उरला. चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि टकलाच्या बाजूंना उरलेले केस एवढ्यावर तो उभा आहे. तो पाठमोरा असला तरी कोटावरून ओळखू येतो, आणि घाईच्या दिवशीही हाताला काढता येईल इतकाच तपशील त्याच्यावर आहे. आपल्याला चित्रपुस्तकात आजी तीसेक वेळा काढायची आहे, हे ध्यानात घेऊन तिच्या पदराच्या काठावरची नक्षी ठरवा.

प्रश्न : मी कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. आठवडे बाजाराचे चित्र काढले. त्यात पंचवीस माणसे, गाड्या, भाजी, जनावरे असे सर्व काही आहे. सरांनी पाहिले आणि म्हणाले, “गर्दी आहे, पण बघायचे काय?” मला याचे उत्तर देता आले नाही. – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या सरांनी नेमका प्रश्न विचारला आहे. ग्रेड परीक्षेतील स्मरणचित्राने आपल्याकडच्या मुलांना एक वाईट खोड लावली आहे असे माझे मत आहे : कागदाचा कोपरा रिकामा राहिला तर गुण जातील या भीतीने तेथे एक झाड, एक कुत्रे किंवा एक फुगेवाला उभा केला जातो. महाविद्यालयात गेल्यावर ती भीती सोडायला हवी. चित्रातील रिकामी जागाही चित्राचेच काम करत असते, आणि बाजारात एखादी फूल विकणारी मुलगी महत्त्वाची असेल, तर तिच्याभोवतीची थोडी मोकळी जमीन तिला जितका उठाव देईल तितका शेजारची दहा माणसे देणार नाहीत.

हेच चित्र पुन्हा मोठ्या कागदावर काढू नका. पत्त्याच्या पानाएवढ्या दहा चौकटी आखा आणि प्रत्येकीत फक्त तीन छटा वापरून बाजार मांडा : काळा, करडा आणि कोरा कागद. एवढ्या जागेत नाक-डोळे येऊच शकत नाहीत, त्यामुळे निर्णय तेवढे उरतात. पालांचा गडद पट्टा वर ठेवायचा की बाजूला? उजेड कोठे पडतो? सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ छटा एकमेकींना जेथे भिडतात, तेथे नजर आधी जाते; मग ती जागा फुलवालीची असावी, तुमच्या पहिल्या चित्रात आहे तशी टेम्पोच्या चाकाची असू नये. दहांपैकी सात चौकटी टाकाऊ निघतील. त्या टाकून द्यायच्या असतात म्हणूनच त्या लहान काढायच्या. मोठे चित्र सुरू झाल्यावरही मधूनमधून डोळे किलकिले करून पाहा. तपशील पुसट होतात आणि छटांचे मोठे पट्टे तेवढे दिसतात.

दुसरी गोष्ट माणसांच्या मांडणीची. तुमची पंचवीस माणसे स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रात उभी असावीत तशी सुटी सुटी आहेत, कोणीही कोणाला झाकत नाही. खऱ्या बाजारात पुढचा माणूस मागच्याला अर्धा झाकतो आणि त्या झाकण्यातूनच खोली निर्माण होते. पाच-सहा जणांचा एक काळपट घोळका, मध्ये जागा, मग दोघे, मग एकटाच बैल, अशी विषम विभागणी करा. मात्र एक धोका आहे : दोन बाह्यरेषा एकमेकींना नुसत्या टेकल्या की नजर तेथे अडकते. पालाचा बांबू नेमका माणसाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो तो याच चुकीमुळे. रेषा एकतर स्पष्ट ओलांडून न्यावी किंवा स्पष्ट अंतरावर ठेवावी.

तिसरी गोष्ट क्षितिजरेषेची, आणि ती तुम्हाला अभ्यासक्रमात शिकवली असूनही चित्रात उतरलेली नाही. सपाट मैदानात तुम्ही उभे राहून पाहत असाल, तर तुमच्याच उंचीच्या सर्व उभ्या माणसांचे डोळे, ती जवळ असोत वा लांब, एकाच आडव्या रेषेवर येतात. बदलते ती पावलांची जागा. तुम्ही लांबची माणसे लहान करून वर सरकवली आहेत, त्यामुळे बाजार टेकडीवर भरल्यासारखा दिसतो. आता त्याच बाजारात भाजीवालीशेजारी पोत्यावर बसून रेखाटन करून पाहा. नजरेची रेषा खाली येईल, बसलेल्यांचे चेहरे तिच्यावर येतील आणि उभी गिऱ्हाइके कमरेपासून वर झाडांसारखी वाढतील. बाजार तोच, पण या चित्रात तुम्ही विकणाऱ्यांच्या बाजूचे आहात. कोठे उभे राहून पाहिले हे ठरले की ‘बघायचे काय’ याचे निम्मे उत्तर मिळते.

मुंबईला जाणे झाले तर कुलाब्यातील कॅफे माँडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी चितारलेली गर्दी सावकाश पाहा. चहा एक मागवला तरी चालतो, पण पाहायला तासभर द्या आणि प्रत्येक आकृतीचा फक्त बाहेरचा आकार वहीत उतरवा.

प्रश्न : आकारांतून पात्र घडवण्याचे धडे मी परदेशी ॲनिमेशनच्या ध्वनिचित्रफितींवरून शिकलो. आपल्या परंपरेत असे काही आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आहे, आणि ते फार लांबही नाही. वारली चित्रातील माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल आणि काड्यांसारखे हातपाय. स्त्री ओळखू येते ती अंबाड्याच्या छोट्या गोलावरून. चेहरा जवळजवळ नसतोच. असे असूनही वरचा त्रिकोण किंचित कलला की माणूस ओझे उचलतो आहे, नाचतो आहे की पेरतो आहे हे कळते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे पाहताना तारपा नाचाचे (तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य) वेटोळे नजरेला आत कसे ओढून नेते, याकडे लक्ष द्या. मांडणीचा धडा म्हणून ते पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीचे. ठाकर समाजातील कलावंत एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून गात गात रामायण-महाभारतातील कथा सांगत. दूर बसलेल्याला राम कोण आणि राक्षस कोण हे तत्काळ कळले पाहिजे, अशी त्या चित्रांची गरज होती. म्हणून मोठे डोळे, ठसठशीत बाह्यरेषा आणि मोजकी पार्श्वभूमी. या शैलींची नक्कल करून आपल्या पुस्तकावर डकवावी असे मी सुचवत नाही. चित्र कोण, कोठून आणि किती वेळ पाहणार आहे, या प्रश्नातून तो आकार आला, एवढे त्यांच्याकडून घ्यावे.

प्रश्न : चित्रपुस्तकासाठी टॅब्लेट घेणे आवश्यक आहे का? पानांची आखणी कशी करावी? – एक वाचक, नांदेड

उत्तर : आवश्यक नाही. पेन्सिल, काळी शाई आणि स्वस्त कागदाचा गठ्ठा यांवर वर्षभर काम झाले की मग टॅब्लेटचा विचार करावा. पूर्ववत करण्याचे बटण हाताशी आले की टाकाऊ चित्रे उरत नाहीत, आणि शिकायचे तर ती उरलेली बरी असतात.

पानांविषयी थोडे अधिक सांगतो. छपाईचा एक फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पाने) साधारणपणे 16 पानांचा धरतात, म्हणून चित्रपुस्तके बहुधा 32 पानांची असतात. आठ कागद मधोमध दुमडून, टाचून 32 पानांची कच्ची वही करा आणि तिच्यात काडीमाणसांनीच सारी गोष्ट काढा. जोडपानावरचे चित्र असेल तर चेहरा शिवणीत जाऊ देऊ नका, मजकुराची जागा पहिल्याच रेखाटनात राखा आणि कापणीसाठी चारही बाजूंना तीन मिलिमीटर चित्र जास्त वाढवा. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचली जात असल्यामुळे उजवीकडे तोंड केलेले पात्र पुढे निघाल्यासारखे वाटते आणि डावीकडे वळलेले परतल्यासारखे; उर्दू बालपुस्तकात नेमके याच्या उलट होते. कच्ची वही झाली की मजकूर हाताने झाकून ती एखाद्या मुलाला द्या. ते मूल पान उलटण्याआधी जेथे थांबून प्रश्न विचारील, त्या जोडपानाच्या चौकटी पुन्हा काढायला घ्या.