मांजरी अडली तर: पशुवैद्यांची उत्तरं

मांजरी किती दिवसांनी विते? (देवगड)
साधारण 63 ते 65. अडुसष्ट ओलांडले तर दाखवून घ्या.

पिल्लू मागच्या पायांनी येतंय. आजी म्हणते, आता दोघंही जाणार. (गुहागर)
आजींना सांगा, मांजरीत हे नेहमीचं आहे. नुसती शेपटी दिसत असेल आणि कळा देऊनही पिल्लू सरकत नसेल, तर डॉक्टर. ओढू नका.

दोन पिल्लं झाली, पोटात अजून आहेत, चार तास काही नाही. शेजारच्या काकांनी म्हशीचं इंजेक्शन आणून दिलंय. टोचू का? (चिपळूण)
नाही! दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो. काकांच्या हातातलं ते ऑक्सिटोसिन. त्याने गर्भाशय जोरात आवळतं. पिल्लू आडवं असेल किंवा वाट अरुंद असेल, तर गर्भाशय फाटतं. उरलेल्या पिल्लांचा प्राणवायूही तुटतो. आम्हीसुद्धा अडथळा नाही याची खात्री करूनच, तेही अगदी थोडं देतो. चिठ्ठीशिवाय ते विकणाऱ्या दुकानदाराला मी काय म्हणतो, ते इथे छापता येणार नाही.

आता मांजरीकडे बघा. ती निवांत पडून पिल्लांना पाजतेय, खातेय-पितेय? मग ती विसावा घेतेय. असा खंड कधी कधी दिवसभराचाही असतो. तरी डॉक्टरांना फोन करून ठेवा. पण वीस-तीस मिनिटं जोराच्या कळा देऊनही पिल्लू नाही, पिल्लू अर्धवट अडकलंय, ताजं रक्त थांबत नाही, घाण वास येतोय किंवा ती गळून गेलीय, तर लगेच निघा. ‘सकाळी बघू’ म्हणू नका. सकाळपर्यंत वाशिष्ठीचं पाणी रस्त्यावर आलं तर जाल कुठून? निघण्याआधी विचारून घ्या, मांजरीचं सिझेरियन तिथे होतं का. सरकारी दवाखान्यात बहुतेक वेळ गुराढोरांतच जातो.

पर्शियन जोडी लावून देणारा म्हणतो, ‘ही जात सहज विते’. खरं का? (रत्नागिरी)
त्याला पिल्लं विकायची आहेत. चपट्या तोंडाच्या, मोठ्या डोक्याच्या जातींत अडण्याचं प्रमाण जास्त असतं. जोडी लावायच्या आधी मांजरी तपासून घ्या. खरं तर लावूच नका, नसबंदी करा.

तिने वार खाल्ली. (मालवण)
खाऊ दे.

आई पाजत नाही. गाईचं दूध चालेल? (वेंगुर्ला)
नको, हगवण लागते. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. किती आणि कितीदा ते डॉक्टरांना विचारा. आधी पिल्लं उबेला ठेवा, गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. आणि आईला अंगात कणकण वाटते म्हणून पॅरासिटामॉल अजिबात नको, मांजराला ते विष आहे. ती का पाजत नाही, हे आजच दाखवा.