हब आणला, तरी डिस्क का टिकत नाही?

प्रश्न : काका, नमस्कार. खानापूरजवळच्या गावात घराच्या पडवीत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. राउटरला यूएसबीचं एकच पोर्ट. प्रिंटर, भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह असं तिन्ही लावायचं म्हणून बेळगावहून चार पोर्टचा हब (एका पोर्टाची चार करणारी डबी) आणला. पेन ड्राइव्ह चालतो. डिस्क टक-टक करते आणि गायब होते. परवा तर राउटरच बंद पडून परत सुरू झाला. हब खराब निघाला का?

उत्तर : ताई, हब परत करायला धावू नका. त्या टक-टकीनंच निम्मं सांगितलं. डिस्कची तबकडी फिरायला लागते, वीज अपुरी पडते, आतलं हेड (तबकडी वाचणारा काटा) जागेवर परत जातं आणि पुन्हा तोच खेळ. तुमच्या हबला स्वतःचा अडॅप्टर नसणार.

यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. खिशात मावणारी डिस्क सुरू होताना एक अँपिअरच्या आसपास मागते. हबनं पोर्ट वाढतात, वीज वाढत नाही. उलट तो स्वतःही थोडी खातो. राउटरचा अडॅप्टर उलटा करून बघा. १२ व्होल्ट, १ अँपिअर असं छापलेलं असेल तर सगळी मिळून १२ वॅट. त्यात राउटर चालायचा, वायफाय चालायचं आणि वर तुमचं भजनी मंडळ! राउटर बसला तो बहुधा यामुळेच. प्रिंटरचा यात काही दोष नाही, त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटला आहे.

तेव्हा अडॅप्टरसकट मिळणारा हब घ्या, ५ व्होल्ट आणि निदान २ अँपिअरचा. पण इथं माझी एकदा फजिती झाली ती सांगतो. टिळकवाडीत माझ्या टेबलावर असाच एक स्वस्तातला हब होता. रात्री राउटरचा अडॅप्टर काढला, तरी पुढचे दिवे आपले मिणमिणतायत! मला वाटलं, डोळे गेले. हबची वीज यूएसबीच्या वायरीतून उलटी राउटरमध्ये शिरत होती. अशानं राउटर धड बंद होत नाही, धड सुरू होत नाही. नवीन हब जोडलात की राउटरचा अडॅप्टर एकदा काढून बघा. एकही दिवा लागला, तर तो हब दुकानदाराला परत.

हब लावायच्या आधी मात्र एक काम करा. तिन्ही वस्तू एकेक करून थेट राउटरला लावा. बऱ्याच राउटरांना पेन ड्राइव्ह आणि डिस्क कळते, प्रिंटर कळत नाही. आणि काहींना हबच चालत नाही. सेटिंगच्या पानावर ‘प्रिंट सर्व्हर’ असं काही दिसलं तर ठीक, नाहीतर प्रिंटर दुकानातल्या कॉम्प्युटरलाच राहू दे. प्रिंटर चालला तरी त्याच्यावरचं स्कॅनिंग सहसा राउटरमधून होत नाही. पहाणीचे (शेतजमिनीच्या नोंदीचे) उतारे स्कॅन करून द्यायचे असतील तर कॉम्प्युटरला जोडलेल्या यूएसबी वायरीला पर्याय नाही.

पोर्ट ३.० चं असेल तर डिस्क अँटेनापासून हातभर लांब ठेवा. तिच्या वायरीतून निघणारा रेडिओ लहरींचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये घुसतो आणि मोबाईलवर वायफायची रेंज उगाच पडते.

पावसाळ्यात तुमच्याकडे लाईट कशी जाते ते मी सांगायला नको. राउटर इन्व्हर्टरवर आणि हब साध्या बोर्डावर असं करू नका. हब बंद पडला की फाईल लिहिता लिहिता डिस्कचं कनेक्शन तुटतं आणि फाईल बिघडते. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्या. आणि रेकॉर्डिंगची दुसरी प्रत करून ठेवा, हब येईल तेव्हा येईल.

प्रश्न (निपाणी) : राउटरला लावलेल्या पेन ड्राइव्हवर लग्नाच्या शूटिंगची साडेपाच जीबीची फाईल जात नाही. जागा तर ३० जीबी आहे.

उत्तर : पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये (फाईली साठवायची जुनी पद्धत) फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही, जागा कितीही असो. आतलं सगळं दुसरीकडे काढून एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा; त्याआधी तुमचा राउटर एनटीएफएस वाचतो का, ते पुस्तिकेत बघा.