बिशपच्या घराला 'पॅलेस' का म्हणतात, आणि नागपुरात तो का दिसत नाही?

प्रश्न असा आहे: "गोव्यात आर्चबिशपचा पॅलेस पाहिला होता. आता बदली होऊन नागपूरला आलोय, तर मोहननगरात 'आर्चबिशप हाऊस' दिसलं. इथे पॅलेस का नाही? आणि मुळात धर्मगुरूला राजवाडा लागतोच कशाला?"

आधी दुसरा प्रश्न घेतो. तो सुटला की पहिला आपोआप सुटतो.

मी ख्रिस्ती नाही. पण बालपण सदर-छावणीत गेलं, शाळा एसएफएस, आणि नोकरीची सगळी वर्षं सरकारी बांधकामांच्या मोजमापात. त्यामुळे फादर लोकांची घरं आतून-बाहेरून थोडीफार पाहिली आहेत. लहानपणी आम्ही सगळ्यांनाच 'फादरचा बंगला' म्हणायचो. बिशप म्हणजे एका धर्मप्रांताचा प्रमुख आणि आर्चबिशप त्याच्या वरच्या दर्जाचा, हा फरक खूप नंतर कळला.

युरोपात मध्ययुगातला बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हता. तो जमीनदार होता, न्यायनिवाडा करायचा, काही ठिकाणी तर चक्क शहराचा राजा होता. मग त्याच्या घरी कचेरी आली, दरबाराची खोली आली, पाहुण्यांची वर्दळ आली. म्हणून 'पॅलेस'. मराठीत आपण लगेच 'राजवाडा' म्हणतो आणि डोळ्यांसमोर झुंबरं आणतो, पण 'वाडा' म्हटलं तर चित्र जास्त बरोबर येईल. पुढच्या सोप्यात कारभार, मागे राहणं, मध्ये देवघर. बिशपच्या घरातही असंच असतं: खाली दफ्तर, वर राहण्याच्या खोल्या, आणि घरातच एक छोटं चॅपल, म्हणजे प्रार्थनेची खोली.

हे घर बहुधा कॅथेड्रलच्या आसपास सापडतं, त्यालाही कारण आहे. 'कॅथेड्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपची गादी असते ते कॅथेड्रल, मग ते आकाराने लहान का असेना. गादी जिथे, घर तिथे.

आता नागपूरचं कॅथेड्रल कुणाच्या नावाचं आहे? सेंट फ्रान्सिस डी सेल्स. एसएफएस ही अक्षरं नागपुरात शाळेच्या टायपासून कॉलेजच्या गेटपर्यंत दिसतात, पण हा माणूस कोण होता हे शाळेत दहा वर्षं काढूनही मला माहीत नव्हतं. तो जिनिव्हाचा बिशप होता. गंमत म्हणजे जिनिव्हात तो राहूच शकत नव्हता.

झालं असं, की जिनिव्हाचे बिशप पूर्वी त्या शहराचे राजेही होते. १५३६ मध्ये शहराने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. बिशप त्याआधीच बाहेर पडले होते, मग सगळा कारभार जवळच्या आन्सी या गावी हलला. पदवी 'जिनिव्हाचे बिशप', मुक्काम आन्सीत. नागपूरकराला हे समजायला सोपं आहे. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी घशात घातलं तरी महाल भागात वाडा राहिला, राजे राहिले, मान राहिला. राज्य गेलं, गादी राहिली. तसंच हे.

फ्रान्सिस १६०२ मध्ये बिशप झाले, १६२२ मध्ये वारले. ही वीस वर्षं त्यांच्याकडे स्वतःचा वाडा नव्हता. आधी दुसऱ्याच्या एका घरात राहिले. १६१० मध्ये त्यांचे मित्र आंत्वान फाव्र हे कायदेपंडित शांबेरीला सेनेटचे, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचे, अध्यक्ष होऊन गेले, मग त्यांच्या रिकाम्या घरात राहायला आले. कॅथेड्रलही स्वतःचं नव्हतं, फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाचं चर्च वापरायचे. बिशप लोकांनी आपल्या प्रांतात राहावं, घरातलं सामान साधं ठेवावं, जेवण बेताचं असावं, असं कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये ठरवलंच होतं. बाकीच्यांनी ते किती पाळलं देव जाणे. या माणसाला परिस्थितीनेच पाळायला लावलं.

मुलगी कामानिमित्त तिकडे होती तेव्हा आन्सीला जाऊन आलो. फाव्रचं घर ज्या सेंट क्लेअर गल्लीत आहे तिथे दोन्ही बाजूंना कमानींचे ठेंगणे सोपे आहेत. काही ठिकाणी कमान इतकी खाली, की माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसानेही मान वाकवली. त्या सोप्यांत आता चीजची दुकानं आहेत. मी एकाला बिशपचा पॅलेस कुठे म्हणून विचारलं, तर त्याने मला एका चौकात नेऊन उभं केलं, आणि तिथे सोनेरी कठडा आणि रूसो या विचारवंत लेखकाचा अर्धपुतळा! प्रकार असा, की आन्सीत बिशपसाठी खरा पॅलेस बांधला गेला तो १७८४ मध्ये, म्हणजे फ्रान्सिसनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. त्यासाठी जे घर पाडलं त्यात रूसोची पुढे प्रेयसी झालेल्या मादाम द वारेन्स राहायच्या, आणि तरुण रूसो त्यांना १७२८ मध्ये पहिल्यांदा तिथे भेटला होता. या जागेला सोन्याचा कठडा घालावासा वाटतो, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं. गावाने पुढे खरोखरच घातला. बिशपचा राजवाडा पाहायला गेलो आणि प्रेमप्रकरणाचं स्मारक पाहून आलो.

तर याच आन्सीत १८३८ मध्ये पिएर मेरमिए यांनी फ्रान्सिसच्या नावाने मिशनरी मंडळ काढलं. त्यांची माणसं १८४६ मध्ये विशाखापट्टणमला पोचली आणि नागपूरही त्यांच्याच वाट्याला आलं. नागपूरच का? कामठीमुळे. १८२१ पासून कामठीत छावणी होती आणि तिथली फौज मद्रासची. तिच्यात आयरिश कॅथलिक शिपाई, शिवाय मद्रासकडून फौजेबरोबर आलेले तमिळ-तेलुगू बोलणारे ख्रिस्ती. त्यांना फादर हवा होता. म्हणजे नागपूरच्या कॅथलिक इतिहासाचं मूळ सदरमध्ये नाही, कन्हानकाठच्या छावणीत आहे. पुढे १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली आणि शहराचं वजन वाढलं. १८८७ मध्ये विशाखापट्टणमपासून वेगळा नागपूर धर्मप्रांत झाला, आलेक्सी रिकाझ पहिले बिशप. तिथून १९५० पर्यंत सगळे बिशप याच मंडळाचे, फ्रेंच नावांचे. १९५१ मध्ये युजीन डिसूझा आले आणि १९५३ मध्ये नागपूर आर्चडायोसिस, म्हणजे वरच्या दर्जाचा धर्मप्रांत, झालं. तेव्हापासून 'बिशप'च्या आधी 'आर्च' लागलं. जुने लोक अजूनही 'बिशप हाऊस'च म्हणतात.

म्हणजे हिशेब असा. गोव्यात धर्म आणि राज्य एकाच जहाजातून उतरले. जुन्या गोव्यात सी कॅथेड्रलला खेटून आर्चबिशपचा पॅलेस उभा राहिला: चिऱ्याच्या जाड भिंती, वर चुन्याचा गिलावा, कौलारू छप्पर. पुढे रोगराईने ते शहर ओस पडलं. पणजीत आल्तिन्यो टेकडीवरचा पॅलेस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. तुम्ही बहुतेक तोच पाहिला असेल, पोप जॉन पॉल दुसरे १९८६ मध्ये तिथेच उतरले होते. नागपुरात मात्र राज्य इंग्रजांचं, म्हणजे दुसऱ्या पंथाचं, आणि मिशनरी सव्हॉयच्या, म्हणजे आन्सीकडच्याच, डोंगराळ मुलखातले. राजेशाही थाटाला ना पैसा होता, ना कारण.

इथे एक गल्लत टाळा. सिव्हिल लाइन्सजवळचं ऑल सेंट्स कॅथेड्रल वेगळं. ते मूळ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, सँकी या लष्करी इंजिनिअरने आखलेलं. त्यांचा बिशप वेगळा, त्यांचा नागपूर धर्मप्रांत १९०३ चा. उत्तर भारतातली प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० ला. बिशप कॉटन शाळेतला 'बिशप'ही अँग्लिकनच, कलकत्त्याचा. रिक्षावाल्याला नुसतं 'बिशप' म्हणाल तर तो तुम्हाला कॉटनच्या गेटवर सोडेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

स्थापत्याबद्दल. नागपूरच्या जुन्या मिशन बंगल्यांकडे पाहताना शैली शोधू नका, मे महिना शोधा. दीड-दोन फुटी भिंती, उंच छत, छताजवळ रोशनदान, भोवती व्हरांडा, म्हणजे ऊन मुख्य भिंतीपर्यंत पोचतच नाही. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारायचं. गॉथिक टोकदार कमान असलीच तर समोरच्या पोर्चपुरती. आत सगळा शहाणपणा विदर्भाच्या उन्हाचा.

या भिंतींचा जीव चुन्यात असतो. बैलाच्या घाणीवर मळलेला चुना वर्षानुवर्षं श्वास घेतो, ओल आत घेतो नि बाहेर सोडतो. नोकरीत असताना अशाच एका जुन्या बंगल्याच्या दुरुस्तीवर होतो, कुठला ते सोडा. ठेकेदाराने चुन्यावर सिमेंटचं प्लास्टर मारलं. गुळगुळीत, छान, साहेब खूश. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी भिंतीवर रुपयाचं नाणं वाजवून पाहिलं. जिथे चुना शाबूत होता तिथे टक्क, सिमेंटखाली डब्ब. हाताने ओढलं तर ताटाएवढा पोपडा निघाला आणि मागे ओली, काळपट वीट. बिलावर मोजमाप माझंच होतं, सही माझी होती. तेव्हापासून जुन्या इमारतीत गेलो की नाणं आपोआप हातात येतं.

तुम्ही जाणार असाल तर आधी कॅथेड्रल पाहा, आणि आत बिशपची खुर्ची कुठे आहे ते शोधा. घर म्हणजे लोकांचं राहतं घर आणि चालतं ऑफिस आहे, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नका. आणि कुठल्याही बिशपच्या दारावर किंवा पत्रावर हिरव्या टोपीचं चिन्ह दिसलं तर दोन्ही बाजूंना लोंबणारे गोंडे मोजा. एकेका बाजूला सहा असतील तर बिशप, दहा असतील तर आर्चबिशप. एसएफएसमध्ये असताना हे कुणी सांगितलं असतं तर मधल्या सुट्टीत पैजा लावल्या असत्या.