बत्तीस वर्षं इंग्लंडमध्ये काढल्यावर म्हातारपणी मालवणकडे परत यावं का?

तुम्ही विचारलंय की वडील ७२ वर्षांचे, आई ६८ची, दोघं ३२ वर्षं इंग्लंडमध्ये, आणि आता वडिलांनी गावी परत जायचा ध्यास घेतलाय. तर पेन्शन, औषधपाणी, घर यांचं कसं जमेल आणि या वयात हा वेडेपणा आहे का.

वेडेपणा अजिबात नाही. आम्ही लेस्टरमध्ये ३८ वर्षं काढून २०१७च्या नोव्हेंबरात आचऱ्याजवळ ह्यांच्या घरी परत आलो. मी तिथे नर्स होते. आज मी इथे एकटी राहते आणि परत जाणार नाही.

पैशाचं आधी सांगून टाकते. ब्रिटिश सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण तुम्ही इकडे कायमचे आलात की त्या आकड्यावर गोठते. तिथे ती दर एप्रिलला वाढते. अमेरिकेत राहायला गेलेल्यांनाही वाढ मिळते, भारतात नाही. आम्ही आलो तेव्हा जुन्या पद्धतीची पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला १२२ पौंड ३० पेन्स होती, मला आजही तेवढीच येते. तिथे राहिलेल्या माझ्या मैत्रिणींना २०२५-२६ मध्ये १७६ पौंड ४५ पेन्स मिळाले. वडिलांची पेन्शन नव्या पद्धतीची असणार, आकडा मोठा असेल, पण गोठायचा नियम तोच. अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे म्हातारपणी देखभालीसाठी मिळणारा भत्ता, मिळत असेल तर तो बंद होईल. एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, फुकट उपचारांचा हक्कही जाईल, कारण तो पासपोर्टवर नसतो, तिथे राहण्यावर असतो. हे सगळं धरूनही, घर स्वतःचं असेल तर इथे दोघांचं नीट भागतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

ह्यांना २०१४ पासून विस्मरण सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. मी २७ वर्षं वॉर्डात काम केलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेच राहून गेलेले पोलिश म्हातारे मी पाहिले होते. चाळीस-पन्नास वर्षं इंग्रजी बोललेली माणसं शेवटी फक्त पोलिशमध्ये हाका मारायची. नंतर शिकलेली भाषा आधी जाते, आईकडून आलेली शेवटपर्यंत राहते, हे मी नव्या मुलींना शिकवायचे. आणि माझ्याच घरात ते होत होतं तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आमच्या घरात माझी चिपळूणची मराठी चालायची. मालवणी हे फक्त गावी फोन लावल्यावर बोलायचे, आणि सासूबाई गेल्यावर तेही थांबलं होतं.

२०१६च्या हिवाळ्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांसाठी म्हणून ह्यांना एका केअर होममध्ये ठेवलं. जागा स्वच्छ, माणसं प्रेमळ, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाराव्या दिवशी मी कुबड्या घेऊन भेटायला गेले. हे खिडकीशी खुर्चीत बसले होते, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली. समोरच्या टेबलावर मासिकांची चळत होती, बागकामाची, गाड्यांची, जुनी वर्तमानपत्रंही. तिथली मुलगी कौतुकाने म्हणाली, ‘यांना वाचायची फार आवड दिसते, दिवसभर पेज, पेज करत असतात.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, ‘माका पेज व्हयी.’

बारा दिवस हा माणूस पेज मागत होता आणि बारा दिवस त्याच्यापुढे कागद ठेवले जात होते. ताटातलं नुसतं चिवडून परत जायचं, तशी नोंदही चार्टवर होती. साडेचार किलो वजन उतरलं होतं.

मुलाला सांगून त्याच संध्याकाळी ह्यांना घरी आणलं. केरळी दुकानातून उकडे तांदूळ आणवले. मला उभं राहवत नव्हतं, म्हणून ओट्याशी स्टूल घेऊन बसले आणि पेज केली. पहिला घोट घेतल्यावर म्हणाले, ‘मीठ कमी हा.’ महिनाभरात ह्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं सरळ, जागेवरचं वाक्य. त्या रात्री मी ठरवलं की ह्यांना गावी न्यायचं.

मुलाचं म्हणणं, ‘आई, इथे सगळं फुकट आहे.’ हे वाक्य तुम्हालाही लोक ऐकवतील, म्हणून सांगते. डॉक्टर आणि इस्पितळ फुकट. म्हाताऱ्याला रोज न्हाऊमाखू घालणं, भरवणं, रात्री उठवून बाथरूमला नेणं फुकट नाही. इंग्लंडमध्ये तुमच्याकडे २३,२५० पौंडांच्या वर शिल्लक असेल तर केअर होमचा खर्च तुमचा तुम्ही करायचा, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाचं घर मागे राहिलं तर तेही त्यात धरतात. लेस्टरमध्ये गुजराती म्हाताऱ्यांचं निभावतं, त्यांच्या भाषेचं कोणीतरी भेटतंच. मालवणी समजणारं कोण भेटणार?

इथे आल्यावर हे बरे झाले असं मी म्हणणार नाही, हा आजार बरा होत नाही. पण पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘खंय चललंस?’ विचारायचे आणि समोरचा उत्तर द्यायचा. दहा मिनिटांनी परत विचारायचे, समोरचा परत उत्तर द्यायचा. शेजारच्या सुनेला हे आपल्या घरातलीच कोणी समजायचे. ‘आवशीक सांग, मी इलंय’ म्हणायचे, तर ती आतून ओरडायची, ‘सांगलंय हां!’ तिला कोणी हे शिकवलं नव्हतं. पावणेदोन वर्षं असे जगले. वजन भरून निघालं.

ऑगस्ट २०१९ मध्ये छातीत कफ भरला. कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होती तो आठवडा. वीज नव्हती, वाटेत झाड पडलेलं, १०८ची गाडी यायला आणि इस्पितळ गाठायला मिळून अडीच तास गेले. चौथ्या दिवशी हे गेले.

बाराव्याला घर भरलेलं असताना माझ्या नणंदबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘मरूक हाडलंस माझ्या भावाक. थंय ठेयलं असतंस तर आणखी पाच वर्सां जगलो असतो.’ पानं वाढायची होती, मी गप्प राहिले. सहा वर्षं गप्प आहे.

वन्सं, लेस्टरला असते तर दहा मिनिटांत ऑक्सिजन लागला असता, हे मी नाकारत नाही. त्या रात्रीचे अडीच तास मला रोज आठवतात. पण तुम्ही म्हणता त्या पाच वर्षांत २०२० पण येतं. त्या मार्चपासून इंग्लंडमधल्या केअर होमांत घरच्या माणसांना आत सोडत नव्हते. माझ्या मैत्रिणीने नवऱ्याला खिडकीच्या काचेतून पाहिलं, महिनोन्महिने. ह्यांना काचेपलीकडून मी दिसले असते आणि पेज मागितलेली मला ऐकू आली नसती. तुमच्या भावाला मी मरायला आणलं नाही. त्याचं बोलणं जिथे समजतं तिथे आणलं.

हं, तुमच्या प्रश्नाकडे येते. मला जमलं त्यात माझं नर्सिंग होतं, घर वडिलोपार्जित होतं आणि शेजार चांगला होता. यातलं काही नसेल तर आधी सहा महिने राहून बघा, पावसाळा धरून. मे महिन्यातलं कोकण बघून कोणी निर्णय घेऊ नये. हृदयाचा किंवा डायलिसिसचा पेशंट असेल तर कुडाळ-कणकवलीच्या आसपास घर बघा, खाडीकाठी नको. मोठं काही झालं की इथली माणसं गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ नाहीतर कोल्हापूर गाठतात, तेवढा प्रवास झेपेल का ते विचारात घ्या. आईचं काय म्हणणं आहे ते तुम्ही एका शब्दाने लिहिलेलं नाही. तिला वेगळं बसवून विचारा, कारण वडिलांच्या मागे इथे एकटीने राहायची वेळ बहुधा तिच्यावर येईल.

ब्रिटिश पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. म्हणून सातबाऱ्यावर वारसनोंद झालीय का ते तलाठ्याकडे जाऊन आत्ताच बघा. भाऊबंद गोड बोलतायत तोवर फेरफार करून घ्या.

आणि घर दुरुस्त करताना संडास घराला जोडून घ्या, झोपायच्या खोलीपासून चार पावलांवर. दोन्ही बाजूंना धरायला दांडा, आणि लादी खडबडीत घ्या, चकचकीत नको. खळ्यातल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर जुलैत शेवाळ धरतं, तिथेही कठडा हवा. गवंड्याला दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा, एप्रिलमध्ये तो मिळत नाही.